कुलूप लागलेल्या खोलीपर्यंतचा रस्ता

परतूर ते औरंगाबाद हा सव्वाशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता मला तोंडपाठ आहे. परतूर सोडले की वाटूर फाटा, मग जालना. जालन्याच्या पुढे बदनापूर, करमाड, शेंद्रा, चिकलठाणा आणि मग शहर. २०२३ पासून या शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले आहे. परंतु मी जे सांगणार आहे ते ज्या दिवसांत घडले, त्या दिवसांत ते औरंगाबादच होते, म्हणून या लेखात तेच नाव ठेवतो.

या रस्त्याने मी पहिल्यांदा शिकायला गेलो ते १९९४ साली. त्याच वर्षी १४ जानेवारीला मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला होता आणि जून महिन्यात मी एक पत्र्याची पेटी, एक वळकटी आणि वडिलांनी उसनवारी करून दिलेले तीनशे रुपये घेऊन लाल गाडीत बसलो. नागसेनवनात बी.कॉम. केले. पुढे परतूरच्या मोंढ्यातील एका पतसंस्थेत लेखनिक म्हणून लागलो, तो आजही तेथेच आहे. दिवसा खतावणी आणि संध्याकाळी वस्तीतील मुलांचे फॉर्म, दाखले, शिष्यवृत्तीचे अर्ज, असा माझा संसार चालतो. मला दोन मुली आहेत. या लेखात प्रवास दोन आहेत, एक थोरलीबरोबरचा आणि एक धाकटीबरोबरचा.

नागसेनवन

ज्यांनी नागसेनवन पाहिले नाही, त्यांच्यासाठी चार शब्द सांगतो. मध्यवर्ती बसस्थानकाहून मिल कॉर्नर, तेथून भडकल दरवाजा आणि पुढे निघाले की शहराचा गोंगाट मागे पडतो. एका बाजूला छावणी, दुसऱ्या बाजूला पाणचक्की, मध्ये खाम नदी. समोर डोंगररांग दिसते. त्या डोंगराच्या पायथ्याशी विद्यापीठ आणि डोंगरात बुद्धलेणी. बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना १९४५ साली केली आणि १९५० साली येथे महाविद्यालय सुरू केले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याच्या इमारतीची पायाभरणी झाली. मिलिंद हे नाव प्रश्न विचारणाऱ्या राजाचे आणि नागसेन हे नाव त्याला उत्तरे देणाऱ्या भिक्खूंचे. विद्यापीठ त्यानंतर, २३ ऑगस्ट १९५८ रोजी आले.

या परिसराभोवती बेगमपुरा आणि आसपासच्या वस्त्यांमध्ये घरोघरी विद्यार्थी भाड्याने राहतात. कोणी परभणीचा, कोणी हिंगोलीचा, कोणी बीडचा. ज्यांना वसतिगृहात जागा मिळत नाही त्यांची ही सोय. आमच्या थोरलीलाही वसतिगृह मिळाले नाही. ती बी.एस्सी.ला होती, विषय रसायनशास्त्र. बेगमपुऱ्यात एका वृद्ध मुस्लिम बाईंच्या घरी माडीवरची एक खोली तिघी मुलींनी मिळून घेतली होती. भाडे महिना तीन हजार, म्हणजे प्रत्येकी एक हजार. त्या बाईंना सगळ्या मुली खाला म्हणत.

पंधरा दिवसांची सुट्टी

मार्च २०२० च्या मध्यास महाविद्यालये बंद झाली. महिनाअखेरपर्यंत सुट्टी, असे सांगितले गेले. थोरली दोन ड्रेस आणि एक पुस्तक पिशवीत टाकून घरी आली. खोलीला कुलूप लावले आणि किल्ली तिच्याजवळच राहिली. २२ तारखेला जनता कर्फ्यू झाला. २४ तारखेच्या रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी एकवीस दिवसांच्या टाळेबंदीची घोषणा केली. गाड्या त्याआधीच थांबल्या होत्या. एकवीस दिवसांचे चाळीस झाले, चाळीसचे साठ झाले. १४ एप्रिलची जयंती आयुष्यात पहिल्यांदा घरात बसून साजरी केली. उंबऱ्यावर मेणबत्त्या लावल्या आणि चौघांनी मिळून वंदना घेतली. मिरवणूक नव्हती, पण त्या रात्री वस्तीतील प्रत्येक दारात उजेड होता.

पहिले पंधरा दिवस बरे गेले. पोर बऱ्याच दिवसांनी घरी आली म्हणून तिची आई रोज काहीतरी वेगळे करून घालीत होती. नंतर मात्र घराचा रंग बदलला. पतसंस्थेने आमचा पगार निम्म्यावर आणला. ऑनलाइन तास सुरू झाले तेव्हा घरात रेंज येत नव्हती. विहाराच्या पायऱ्यांवर यायची. थोरली दुपारच्या उन्हात डोक्यावर ओढणी घेऊन तेथे बसे. येणारे-जाणारे विचारीत, "काय गं, सारखी फोन घेऊन कोणाशी बोलतेस?" तिने एकदाही उलट उत्तर दिले नाही; परंतु घरी आली की कोणाशी बोलत नसे. मे महिन्यात तो फोनही फुगला आणि बंद पडला.

त्याच सुमारास माझ्या पत्नीच्या बचत गटाला मास्क शिवण्याचे काम मिळाले. एका मास्कमागे चार रुपये शिलाई. ती पहाटे पाचला यंत्रावर बसे. धाकटी नाड्या कापून देई, मी इस्त्री करून पन्नास-पन्नासचे गठ्ठे बांधी. दोन हजारांहून अधिक मास्क तिने शिवले आणि जून महिन्यात मोबाइलची दुकाने उघडली तेव्हा आठ हजार दोनशे रुपयांचा फोन आणला. आयुष्यभर दुसऱ्यांना शिक्षणाचे महत्त्व सांगत फिरलेला मी. पण माझ्या घरातील शिक्षण त्या तीन महिन्यांत शिलाई यंत्राच्या सुईवर उभे होते, हे मला कबूल केले पाहिजे.

एक स्थळ

आणखी एक गोष्ट कबूल करायची आहे. ती लिहू की नको, असे बरेच दिवस चालले होते. पण आपल्या कुटुंबांसाठी असलेल्या पानावर लिहायचे आणि अडचणीचे तेवढे झाकायचे, हे बरे नव्हे.

जूनच्या अखेरीस थोरलीसाठी एक स्थळ आले. मुलगा नोकरीला, घर चांगले, देण्याघेण्याची भाषा नाही. लग्नाला पन्नास माणसांचीच परवानगी होती, त्यामुळे मांडव नाही, जेवणावळ नाही. माझी आई, तिला आम्ही माय म्हणतो, ती मागे लागली. "आरं, पन्नास माणसात उरकतंय. आसा मोका पुन्हा येनार न्हाई. तिचं कालिज तर बंदच हाय."

मी रात्री वही घेऊन बसलो. एका बाजूला लग्नाचा खर्च लिहिला. दुसऱ्या बाजूला एम.एस्सी.ची दोन वर्षे, खोली, खानावळ, प्रयोगशाळेचे शुल्क लिहिले. पगार निम्मा. परीक्षा होणार की नाही याचा पत्ता नाही. बेरीज-वजाबाकी करणे हा माझा धंदाच आहे. उत्तर स्पष्ट दिसत होते. सकाळी त्या मंडळींना होकार कळवायचा, असे मी मनाशी ठरवले.

पत्नीने यंत्रावरून मान वर न करता विचारले, "तिला विचारलं का?"

मी विचारले नव्हते. गावोगाव मुलींच्या शिक्षणावर भाषणे देणारा मी, पण माझ्या मुलीला मी विचारले नव्हते. सकाळी चहाच्या वेळी विचारले. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "पप्पा, माझी परीक्षा होणार की नाही हे सरकारला ठरवता येत नाही, म्हणून माझं लग्न तुम्ही ठरवून टाकता का?"

मी त्या मंडळींना नकार कळवला. माय आठ दिवस माझ्याशी बोलली नाही.

परीक्षा होणार

ते दिवस ज्यांनी पदवीच्या शेवटच्या वर्षात काढले, त्यांनाच त्यांची घालमेल ठाऊक. राज्य सरकार म्हणत होते परीक्षा नाही. ६ जुलै २०२० रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाने सांगितले की अंतिम वर्षाची परीक्षा घ्यावीच लागेल, सप्टेंबरअखेरपर्यंत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. खालच्या वर्गातील मुले मागील गुणांवर पुढे गेली. अंतिम वर्षाची मुले मात्र तशीच लोंबकळत राहिली. सकाळी पुस्तक उघडायचे, दुपारी मोबाइलवर बातमी यायची की परीक्षा रद्द, संध्याकाळी दुसरी बातमी यायची. २८ ऑगस्ट रोजी निकाल लागला. राज्याला परीक्षा पुढे ढकलण्याची मुभा मागता येईल, पण परीक्षा न घेता पदवी देता येणार नाही.

आमच्या घरी त्या दिवशी एकच प्रश्न उभा राहिला. पुस्तके कोठे आहेत? तिच्या तीन वर्षांच्या वह्या, प्रयोगाचे जर्नल, संदर्भपुस्तके, सगळे बेगमपुऱ्यातील त्या कुलूप लावलेल्या खोलीत. इतके दिवस पास नव्हता, औरंगाबादेत रुग्ण वाढत होते, म्हणून जाता आले नव्हते. २ सप्टेंबरपासून जिल्ह्याबाहेर जायला ई-पासची अट राहिली नाही. पुढच्याच रविवारी आम्ही दोघे मोटारसायकलवर निघालो.

करमाडपाशी

त्या वर्षी पाऊस भरपूर होता. वाटूर फाट्यापर्यंत दोन्ही बाजूंना सोयाबीन पिवळे पडू लागले होते आणि सखल रानांत पाणी साचले होते. एरवी रविवारी जेथे बाजाराची गर्दी असते तेथे शुकशुकाट. चहाच्या टपऱ्या निम्म्या बंद. पत्नीने भाकरी, ठेचा आणि दोन बाटल्या पाणी बांधून दिले होते. बाहेरचे काही खायचे नाही, अशी सक्त ताकीद होती. जालन्यात न थांबता पुढे निघालो.

करमाडजवळ रेल्वेचा रूळ रस्त्याच्या सोबतीने चालतो. थोरलीने पाठीवर हात ठेवून गाडी थांबवायला सांगितली. मला वाटले, पाय अवघडले असतील. ती उतरून रुळाकडे पाहत उभी राहिली. ८ मे २०२० च्या पहाटे याच भागात रुळावर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारी मध्य प्रदेशातील माणसे होती ती. भुसावळहून गाडी मिळेल या आशेने रात्रभर रुळाच्या कडेने चालत आली होती. रुळावर विखुरलेल्या त्यांच्या चपात्यांचे छायाचित्र तेव्हा सर्वांनी पाहिले.

"यांच्यात कोणी माझ्या वयाचं असेल ना पप्पा?" तिने विचारले. मी म्हणालो, असेल. ती पुन्हा गाडीवर बसली. पुढे शेंद्र्यापर्यंत आम्ही काही बोललो नाही. माझ्या मनात येत होते, आपण पुस्तके आणायला निघालो आहोत. आपल्याला घर आहे, गाडी आहे, डब्यात भाकरी आहे. आपल्या अडचणी खऱ्या आहेत, पण त्यांचे माप मोठे करून सांगू नये.

खोली उघडली

बेगमपुऱ्यात पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. मी जरा तावातच गेलो होतो. कारण असे की, ऑगस्टमध्ये खालाने फोन करून एप्रिलपासूनचे भाडे मागितले होते. सहा महिन्यांचे अठरा हजार. मुली राहिल्या नाहीत, वीज वापरली नाही, पाणी वापरले नाही, मग भाडे कशाचे? मी रस्ताभर मुद्दे तयार केले होते. चळवळीत काम केलेल्या माणसाला भांडण्याची भाषा शिकवावी लागत नाही.

खालाने दार उघडले. तोंडाला पदर. "आओ भाईसाब, आओ बेटा. पहले हाथ धोओ." अंगणात साबण आणि बादली ठेवलेली. अंगणातच त्यांच्या मुलाची रिक्षा उभी होती. तिच्यावर ताडपत्री, ताडपत्रीवर वाळलेली पाने. ती रिक्षा बऱ्याच दिवसांत हलली नव्हती, हे पाहताच कळत होते.

आम्ही माडीवर गेलो. थोरलीने कुलूप काढले. आतून ओलीचा वास आला. पावसाळ्यात भिंत पाझरली होती आणि भिंतीला लागून ठेवलेल्या पुस्तकांवर पांढरी बुरशी चढली होती. खालच्या थरातील वह्यांना वाळवी लागली होती. मार्चमध्ये धुऊन वाळत टाकलेला टॉवेल दोरीवर तसाच होता. थोरली खाली बसली आणि एक-एक वही उघडून पाहू लागली. सेंद्रिय रसायनाची वही अर्धी खाल्लेली. जर्नलची पाने एकमेकांना चिकटलेली. इतक्या महिन्यांत ती माझ्यासमोर रडली नव्हती. त्या दिवशी ओंजळीत वहीचा भुगा घेऊन रडली.

मला काय करावे ते सुचेना. खाला जिना चढून वर आल्या. त्यांनी खोलीकडे पाहिले, मुलीकडे पाहिले आणि माझ्याशी एक शब्दही न बोलता वह्यांचा गठ्ठा उचलून गच्चीवर नेला. ऊन होते. त्यांनी चादर अंथरली, पाने सुटी करून पसरली, वर खडे ठेवले. ज्या पानांत ओल जास्त होती ती खाली नेऊन जुन्या कापडाच्या घडीत घालून इस्त्री फिरवून आणली. "इसमें से आधा तो बचेगा बेटा. बाकी सहेली से ले लेना." दुपारी तीनपर्यंत त्या दोघी पाने उलटीत गच्चीवर बसल्या होत्या. मी बाजूला बसून भाकरी खाल्ली. खालाने चहा आणून दिला. बाहेरचे काही घ्यायचे नाही, ही ताकीद मी मोडली.

मग भाड्याची गोष्ट निघाली. माझे मुद्दे मी मांडलेच, पण आवाज आपोआप खाली आला होता. खालांचे यजमान काही वर्षांपूर्वी वारले. मुलाची रिक्षा मार्चपासून उभी. सून, दोन नातवंडे. माडीवरील दोन खोल्यांचे भाडे हेच त्या घराचे धान्य. त्या म्हणाल्या, "भाईसाब, आपकी बच्ची यहाँ नहीं थी, ये सही है. लेकिन मेरा चूल्हा तो यहीं था."

मी लेखनिक आहे. दोन्ही बाजूंचे खाते मला वाचता येते. भाडे निम्मे करावे, असे ठरले. नऊ हजार. तिघींचे प्रत्येकी तीन हजार. इतर दोघींच्या घरी मी तेथूनच फोन लावला. एकीचे वडील वीटभट्टीवर, दुसरीची आई एकटी, मजुरी करणारी. दोघांनीही मान्य केले, पण हातात पैसा नव्हता. दिवाळीपर्यंत हप्त्याने द्यायचे आणि मी जामीन, असे खालांना सांगितले. आमचे तीन हजार मी तेथेच दिले. पावती मागितली तेव्हा त्या हसल्या. त्यांनी नातवाच्या वहीचे पान फाडून दिले आणि उर्दूत सही केली. ते हप्ते दिवाळीनंतर थोडे रेंगाळले. शेवटचा फेब्रुवारीत मिळाला. पण मिळाला.

परत निघताना गाडीच्या मागे दोन पोती पुस्तके बांधली. विद्यापीठाच्या रस्त्याला माणूस नव्हते. नागसेनवनातील झाडे पावसाने हिरवीगार झाली होती. १९९४ पासून हा परिसर मी पाहत आलो, पण मुलांवाचून तो कधी पाहिला नव्हता.

पुढे काय झाले

ऑक्टोबर २०२० मध्ये परीक्षा झाली. तासाभराचा, बहुपर्यायी प्रश्नांचा पेपर, मोबाइलवर. त्या वेळेत पत्नीने शिलाई यंत्र बंद ठेवले आणि मायने शेजारच्या टीव्हीचा आवाज कमी करायला लावला. लग्नासाठी आठ दिवस अबोला धरणारी हीच माय. दुसऱ्या पेपरला मध्येच रेंज गेली. थोरली फोन घेऊन विहाराच्या पायऱ्यांकडे पळाली आणि उरलेला पेपर तिने तेथे बसून सोडवला. ती उत्तीर्ण झाली.

एम.एस्सी.लाही प्रवेश घेतला. पहिले वर्ष बहुतेक घरीच गेले. २०२१ च्या फेब्रुवारीत महाविद्यालये थोडी उघडली, तोच दुसरी लाट आली. पूर्ववत उघडली ती २० ऑक्टोबर २०२१ पासून. प्रयोगशाळेत जे हात घालून शिकायचे ते तिने पडद्यावर पाहून शिकले आणि नंतर उरलेल्या महिन्यांत रात्री उशिरापर्यंत थांबून भरून काढले.

आज ती एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते आणि सेट परीक्षेचा अभ्यास करते. कायम नोकरी नाही. एका मुलाखतीत तिला हसत विचारले गेले, "तुम्ही कोरोना बॅच ना?" त्या हसण्याचा अर्थ ती ओळखून आहे. त्या वर्षांतील मुलांनी पदवी फुकट मिळवली, असे मानणाऱ्यांना मी एवढेच सांगेन की त्यांनी एकदा वाळवी लागलेल्या वहीतून सेंद्रिय रसायन वाचून पाहावे.

पालकांशी थोडे

त्या काळात वस्तीतील बऱ्याच घरांत माझे जाणे-येणे होते. काही मुले टिकली, काही सुटली. 'कमवा आणि शिका'च्या कामावर शिकणारा आमच्या गल्लीतील एक हुशार मुलगा, विद्यापीठ बंद झाले तसे त्याचे ते कामही बंद झाले. तो पुण्याकडे एका गोदामात कामाला गेला तो परत वर्गात आलाच नाही. त्याच्या घरी मी दोनदाच गेलो. आणखी चारदा जायला हवे होते, ही खंत माझ्या मनात आहे.

जे पाहिले त्यावरून सांगतो. मुलांच्या शिक्षणात संकट येते तेव्हा आपल्यासारख्या घरांत सर्वांत आधी मुलीचे शिक्षण खर्चाच्या बाजूला जाते आणि मुलाला कामाला लावले जाते. असा निर्णय घेण्याची वेळ आली तर आधी त्या मुलाला, त्या मुलीला विचारा. ज्यांच्या आयुष्याचा निर्णय, त्यांना शेवटी कळवू नका. दुसरे असे की पोर गप्प झाले तर 'अभ्यास कर' म्हणण्याआधी त्याच्याजवळ बसा. माझी पत्नी रात्री यंत्र बंद करून थोरलीच्या शेजारी नुसती झोपायला जाई. अभ्यासाचे तिला काही कळत नसे, पण त्या वर्षी त्या मुलीला सर्वांत मोठा आधार तोच होता.

आणि तिसरे कागदाचे. प्रवेशाची पावती, गुणपत्रिका, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बँकेचे पुस्तक, सगळ्यांच्या प्रती घरीही ठेवा आणि मुलांजवळही. वसतिगृह न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. आपल्यातील किती पालकांना ती प्रवेशाच्या वेळी ठाऊक असते? भाड्याने राहणाऱ्या मुलांचा भाडेकरार करून घ्या. अर्जाला तो लागतो आणि अडचणीतही तोच उपयोगी पडतो.

पुन्हा तीच माडी

जुलै २०२५ मध्ये धाकटीला घेऊन आम्ही पुन्हा याच रस्त्याने गेलो. या वेळी एस.टी.ने. पत्नीचे आणि धाकटीचे अर्धे तिकीट, माझे पूर्ण. करमाड आले तेव्हा थोरलीची आठवण झाली. मी खिडकीतून रुळाकडे पाहिले आणि धाकटीला त्या सोळा जणांची गोष्ट सांगितली. तेव्हा ती तेरा वर्षांची होती, नाड्या कापीत बसणारी. तिला चपात्यांचे चित्र आठवत होते, जागा ठाऊक नव्हती.

धाकटीलाही वसतिगृहाच्या यादीत नाव मिळाले नाही. ती म्हणाली, ताईच्याच खोलीत राहते. खाला आता खूप थकल्या आहेत. जिना चढत नाहीत. पण ओळख पटायला क्षणही लागला नाही. "वो नोट्सवाली की बहन?" असे म्हणून त्यांनी धाकटीच्या डोक्यावरून हात फिरवला. अंगणातील रिक्षा बदलली आहे. माडीची भिंत नव्याने गिलावा करून घेतलेली दिसली. भाडेही वाढले आहे, साडेचार हजार. मी जरा कमी करा म्हणालो, तर त्या म्हणाल्या, "महँगाई आपके परतूर में नहीं है क्या?" पत्नी हसली. मी गप्प बसलो.

भाडेकरार मी घरूनच लिहून नेला होता. नेहमीची कलमे झाल्यावर शेवटी एक कलम जास्तीचे घातले होते: साथ, संचारबंदी अथवा सरकारी आदेशामुळे महाविद्यालय बंद राहून विद्यार्थिनींना खोली वापरता न आल्यास त्या काळाचे भाडे निम्मे राहील आणि खोलीतील पुस्तके घरमालक कोरड्या जागी ठेवतील.

खालांच्या मुलाने ते त्यांना वाचून दाखवले. त्यांनी ऐकून घेतले, चष्मा पुसला आणि विचारले, "फिर से लगेगा क्या वो लॉकडाऊन?"

मी म्हणालो, "नाही लागणार. पण लिहून ठेवलेले बरे."

त्यांनी खाली उर्दूत सही केली. धाकटीने तिच्या शेजारी मराठीत केली. एक प्रत खालांकडे ठेवली, एक धाकटीकडे दिली. तिसरी माझ्या फायलीत आहे, २०२० सालच्या त्या वहीच्या पानावरील पावतीच्या वर लावलेली.